केप टाउनमध्ये पाच दिवस: डोंगर, समुद्र आणि शहर यांचा मेळ कसा घालावा?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे पाच दिवसांसाठी केप टाउनला जाणार आहोत. आईबाबा सत्तरीला टेकले आहेत, त्यामुळे त्यांना फार चढउतार झेपणार नाही. मला आणि बहिणीला मात्र टेबल माउंटन पायीच चढायचा आहे. मंडेला यांच्या तुरुंगाचे रॉबेन बेट, पेंग्विन, केप पॉइंट हे भूशिर आणि शहरातली संग्रहालये हेही पाहायचे आहे. प्रत्येक दिवसाचे वेळापत्रक आधीच ठरवून सगळी तिकिटे काढून ठेवावीत का? आणि चढाईला कोणती वाट बरी?

दर्यावर्दी

वेळापत्रक जरूर करा, पण डोंगराचा दिवस त्यात पक्का करू नका. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीत, आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो आणि तो कधीकधी सलग काही दिवस थांबत नाही. समुद्रावरची ओलसर हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होऊन तिचा ढग बनतो आणि तो पठाराच्या कडेवरून शहराच्या बाजूला ओघळत खाली येता येता विरून जातो. खालून हे दृश्य अतिशय देखणे दिसते, पण त्याच वेळी माथ्यावर धुके आणि बोचरा गारठा असतो आणि केबल कार बहुधा बंद असते. म्हणून पोहोचल्यानंतर जो पहिला शांत, निरभ्र दिवस मिळेल तो डोंगराला द्या, उद्यावर ढकलू नका.

समुद्राचे गणितही याच वाऱ्यावर चालते. तो अटलांटिक किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतो आणि खालचे थंडगार पाणी वर येते. त्यामुळे क्लिफ्टनचा किनारा वाऱ्यापासून आडोशाला असला, तरी भर उन्हाळ्यात तिथल्या पाण्यात पाय ठेवताच कळ येते. पोहायचे असेल तर फॉल्स बे या उपसागराच्या बाजूला, म्युझेनबर्गला जा. सर्फिंग शिकण्यासाठीही तेच ठिकाण योग्य आहे.

रॉबेन बेटाचे तिकीट मात्र आधी काढा आणि ते पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचे घ्या, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि तसे झाल्यास पुढे दिवस शिल्लक असलेले बरे.

कातळवाट

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. चढाईबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक लोक प्लॅटेक्लिप घळीने चढतात. वाट सरळ आहे, दगडी पायऱ्यांची आहे आणि चुकण्याची शक्यता कमी आहे, पण ती उत्तराभिमुख आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरत असल्यामुळे या वाटेवर दिवसभर ऊन असते, आणि सुमारे ७०० मीटरची चढण त्या उन्हात करणे फार थकवणारे ठरते. या वाटेने जायचे असेल तर उजाडताच चालायला लागा.

माझी पसंती कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानातून वर जाणाऱ्या स्केलेटन घळीला आहे. ही वाट पूर्वेच्या बाजूला दाट झाडीतून जाते, मध्ये लाकडी शिड्या लागतात आणि एका टप्प्यावर ओल्या खडकांना हाताने धरत चढावे लागते. तिथून उतरणे मात्र धोक्याचे आहे. वर पोहोचल्यावर पठारावरून १,०८६ मीटर उंचीचे मॅक्लिअर्स बीकन हे सर्वोच्च टोक गाठता येते आणि पुढे केबल कारने उतरता येते. आईबाबांनी केबल कारने वर यावे आणि तुम्ही तिथेच भेटावे, म्हणजे सर्वांचा दिवस सारखाच सार्थकी लागेल. डब्याची जमीन फिरत असल्यामुळे एका जागी उभे राहूनही त्यांना चहूकडचे दिसेल. वारा वाढला की माथ्यावर भोंगा वाजतो. तो ऐकताच केबल कारच्या स्थानकाकडे निघायचे, छायाचित्रांसाठीही थांबायचे नाही.

ओळखीच्या वाटांवरही लूटमारीचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून दोघीच जाण्यापेक्षा एखाद्या गटाबरोबर किंवा वाटाड्याबरोबर जा.

वाटसरू

दोघांचेही आभार. वारा सुटलेल्या दिवशी आईबाबांना घेऊन काय पाहावे?

जुनी पेठ

अशा दिवशी शहर पाहा, आणि त्याला उरलासुरला वेळ देऊ नका. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली आणि पुढच्या काळात तिथून ६०,०००हून अधिक माणसांना हुसकावून लावून घरे जमीनदोस्त केली गेली. त्या वस्तीचे संग्रहालय एका जुन्या चर्चमध्ये आहे. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलेला आहे आणि त्यावर विस्थापितांनी आपापली घरे जिथे होती तिथे स्वतःच्या हाताने नावे लिहिली आहेत. तो नकाशा वाचत वाचत चालायला तासभर सहज लागतो, आणि तेवढा द्यावाच. तिथून जवळच स्लेव्ह लॉज, म्हणजे गुलामांना ठेवण्याची जुनी इमारत आणि आताचे संग्रहालय, आहे. डच काळात केपला आणलेल्या गुलामांमध्ये बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसेही होती, त्यामुळे भारतीय प्रवाशाने ही वास्तू चुकवू नये असे मला मनापासून वाटते. रॉबेन बेटाच्या फेरीआधी ही दोन्ही ठिकाणे पाहिलीत, तर मंडेला यांनी २७ पैकी १८ वर्षे जिथे काढली त्या तुरुंगाचा संदर्भ अधिक नीट लागेल.

पेंग्विन आणि केप पॉइंट एकाच दिवसात होतात. सायमन्स टाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर लाकडी पदपथ असल्याने आईबाबांना चालणे सोपे जाईल. आफ्रिकन पेंग्विनची २०२४ पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींत नोंद आहे, म्हणून पदपथ सोडून घरट्यांकडे जाऊ नका. परतताना चॅपमन्स पीकच्या कड्यावरचा रस्ता घ्यायचा बेत असेल, तर निघण्यापूर्वी तो उघडा असल्याची खात्री करा; दरडींच्या भीतीने तो अधूनमधून बंद ठेवतात.