मदत हवी आहे: फॉक्सप्रो २.६, एलपीटी टाइमआउट वाढवला की बिल अडतं, कमी केला की रिपोर्ट तुटतो

नमस्कार,

आमच्या गोदामाचा साठा आणि बिलं डॉससाठीच्या फॉक्सप्रो २.६ (डेटाबेस) मध्ये लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमवर चालतात. मशीन विंडोज ७ चं. ३२ बिट मुद्दाम ठेवलंय, कारण ६४ बिटवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. प्रिंटर ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स. तो शेजारच्या मशीनला जोडलेला आणि शेअर केलेला आहे. माझ्या मशीनवर नेट यूज ही कमांड देऊन एलपीटी१ (प्रिंटरचा पोर्ट) त्याच्याकडे वळवलाय.

साठ्याचा रिपोर्ट गटवार छापला जातो. एका गटाच्या ओळी गेल्या की प्रोग्रॅम पुढच्या गटाच्या बेरजा करायला थांबतो, आणि मोठ्या गटाला वीस-बावीस सेकंद सहज लागतात. तेवढ्यात विंडोज छपाई संपली असं धरून जॉब (छपाईचं ते काम) बंद करतं. उरलेला भाग नवा जॉब म्हणून जातो. परवा त्या मधल्या वेळात शेजारच्या मशीनवरचं बिल घुसलं. कागद फाडून हातात घेतला तर गट ४ च्या मथळ्याखाली भलत्याचंच बिल! बिलाच्या सुरुवातीला प्रिंटर रिसेट करणारा कोड आहे, त्यामुळे कंडेन्स्ड (बारीक अक्षरांची) छपाईही गेली, आणि गट ४ ची १३२ कॉलमांची प्रत्येक ओळ दोन ओळींत मोडली. साठा मोजणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद देता येत नाही.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) कंट्रोलखालच्या वॉव या कीमध्ये एलपीटी टाइमआउट, म्हणजे छपाई संपली असं धरण्याआधी थांबायचे सेकंद, १५ होता, तो ६० केला. रिपोर्ट अखंड आला. पण आता प्रत्येक बिल मिनिटभर अडकून राहतं आणि माल न्यायला आलेला माणूस तोवर ताटकळतो. पोर्टच्या कॉन्फिगरमधलं ट्रान्समिशन रिट्राय ९० चं ३० करून पाहिलं, काही फरक नाही.

बिलाला एक आणि रिपोर्टला दुसरा टाइमआउट देता येतो का? पीआरजी फाइली, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, माझ्याकडे आहेत.

प्रतिसाद १
ट्रान्समिशन रिट्राय आधी परत ९० करा. प्रिंटर दाद देत नसेल तर किती वेळ थांबायचं, एवढंच ते ठरवतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे. डॉसचा प्रोग्रॅम पोर्टवर अक्षरं टाकत जातो. पोर्ट बंद केला नाही तर छपाई संपली की नाही हे विंडोजला कळायला मार्ग नाही, म्हणून शेवटच्या अक्षरानंतर ते ठरावीक सेकंद वाट पाहतं. कुठलाही आकडा टाकलात तरी एकाला तो कमी आणि दुसऱ्याला जास्तच होणार. बिलाच्या शेवटी कोडमध्ये काय आहे?

धागाकर्ता
इजेक्ट (कागद पुढे सरकवायला) आणि त्याखाली सेट डिव्हाइस टू स्क्रीन (मजकूर परत पडद्यावर न्यायला). बस.

प्रतिसाद २
मग पोर्ट उघडाच राहतोय. छपाईच्या आधी सेट प्रिंटर टू एलपीटी१ द्या, आणि शेवटी नुसतं सेट प्रिंटर टू, पुढे काहीही न लिहिता. त्याने पोर्ट बंद होतो आणि जॉब लगेच सुटतो. रिपोर्ट मात्र थेट पोर्टवर पाठवूच नका. सेट प्रिंटर टू ला फाइलचं नाव द्या, पूर्ण रिपोर्ट डिस्कवर लिहून होऊ दे, मग कॉपी स्लॅश बी करून ती फाइल एलपीटी१ ला पाठवा. स्लॅश बी विसरू नका, नाहीतर फाइलमध्ये कुठे २६ नंबरचं कॅरेक्टर (फाइल संपल्याची खूण) आलं तर कॉपी तिथेच थांबेल.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. बिल आता एंटर दाबताच निघतं. रिपोर्टला पहिल्या खेपेस शेवटच्या काही ओळी गायब होत्या. कॉपीच्या आधी सेट प्रिंटर टू देऊन फाइल बंद करायची राहिली होती. ती ओळ वर नेल्यावर सगळे गट सलग आले, बेरजाही जुन्या रिपोर्टशी जुळवून पाहिल्या. टाइमआउट परत १५ वर आणलाय.