एकच पावडर? व्हार्गेटच्या आरतीला माझं उत्तर

गॅरंडवाला, ओहायो
काल घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या या मंचावर एकाने नवशिक्यांना व्हार्गेट या रायफलच्या पावडरीबद्दल सल्ला दिला: "व्हार्गेटचा आठ पौंडी डबा घ्या आणि बाकी विसरा. .२२३ पासून .३०० विन मॅगपर्यंत सगळं भागतं." (हे आकडे म्हणजे काडतुसांची मापं.) खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

.३०० विन मॅगच्या (विंचेस्टर मॅग्नमच्या) त्या मोठ्या पोटाच्या केसला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीला, एच४८३१ नाहीतर एच१००० सारखी सावकाश जळणारी पावडर लागते. व्हार्गेट घातलीत तर मॅग्नमचा वेग पदरात पडत नाही, मग मॅग्नमचा धक्का खांद्यावर घ्यायचा कशाला? उलट टोकाला .३०-३०, .४५-७० अशा जुन्या केसेस. तिथेही व्हार्गेट थोडी मंदच.

एकच डबा ठेवायचा असेल तर ४८९५. .२२३, .२४३, .३०८, .३०-०६, सगळीकडे चालते. माझ्या गॅरंडला, म्हणजे महायुद्धातल्या त्या अमेरिकी रायफलला, तर हीच मानवते. मंद पावडरीने गॅस पोर्टवर (नळीतून गॅस बाहेर घेणाऱ्या छिद्रावर) दाब जास्त येतो आणि त्या गॅसवर चालणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो, म्हणून ती तिला चालत नाही. शिवाय पावडर विकणारी हॉजडन कंपनी स्वतः सांगते की ज्या काडतुसाला त्यांनी ही पावडर दिली आहे, तिथे कमाल चार्जच्या (एका काडतुसातल्या पावडरीच्या मापाच्या) ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. माझी मुलगी बारा वर्षांची असताना .३०८ च्या पहिल्याच गोळीनंतर रायफल खाली ठेवून "बाबा, बास" म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात हलक्या लोडवर तिने पन्नास राउंड झाडले आणि वर माझ्याकडे आणखी मागितले. हे व्हार्गेटने करून दाखवा.

फिनिक्सकर
काका, गॅरंडचं कौतुक पुरे. तुमची रायफल महायुद्धातली, म्हणून जगाने त्याच काळातली पावडर वापरायची? इथे जुलैत गाडीच्या डिकीत हात घालवत नाही. व्हार्गेट थंडी-उन्हाला दाद देत नाही, म्हणून लोक ती घेतात. .२२३ मध्ये ७७ ग्रेनची बुलेट आणि .३०८ मध्ये १६८ ची, एकाच डब्यातून. नाव कशावरून पडलंय ठाऊक आहे ना? व्हार्मिंट (उपद्रवी प्राणी) अधिक टार्गेट. विन मॅगचं म्हणाल तर मान्य, ते त्याने उगाच लिहिलं. पण ज्याच्याकडे विन मॅग आहे त्याला एका डब्याची काटकसर कशाला हवी?

हँडलओढ्या, टेक्सास
दोघांनाही साष्टांग. तुम्ही बसा एकेक चार्ज काट्यावर तोलत. तुमच्या दोन्ही स्टिक पावडरी, म्हणजे पेन्सिलच्या शिशाचे तुकडे. थ्रोअरचं (माप टाकणाऱ्या यंत्राचं) हँडल ओढलं की मध्येच कडकन दाणा कापला जातो आणि पुढचा चार्ज कमी-जास्त पडतो. मी प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दर ओढीला एक काडतूस तयार करणाऱ्या यंत्रावर) .२२३ भरतो, सीएफई २२३ ही पावडर घालून. खसखशीसारखी सुळ्ळकन पडते, वर नळीतला तांब्याचा थरही कमी बसतो. उन्हाळ्यात वेग थोडा सरकतो, सरकू दे. तीनशे यार्डांवर लोखंडी पाटी वाजली की मला पुरे.

फिनिक्सकर
पाटी वाजवायला काय, दगडही पुरतो.

हँडलओढ्या
तुमचा गोळ्यांचा गट किती इंचाचा ते फोटोसकट टाका, मग दगडाचं बोलू.

आईचा_लाडका, मिशिगन
भांडण चालू द्या, पण एका डब्याच्या बाजूने माझं खरं कारण ऐका. मागच्या हिवाळ्यात बेंचवर दोन डबे होते, एच३३५ आणि सीएफई २२३. फोन आला, बोलत बोलत हॉपर (यंत्रावरचं पावडरीचं भांडं) रिकामा केला तो भलत्याच डब्यात. झाकण लावताना लेबल दिसलं. दोन्ही बॉल (बारीक गोल दाण्यांच्या) पावडरी, दोन्ही करड्या, बघून काय कळणार? जवळजवळ अख्खा पौंड हिरवळीवर पसरला. नायट्रोजनमुळे तेवढा पट्टा मे महिन्यात असा तरारला, की बायको शेजारणीला दाखवत होती. मी गप्प. तेव्हापासून घरात एकच पावडर.

फिनिक्सकर
दोष पावडरींच्या संख्येचा नाही, फोनचा आहे. बेंचवर एका वेळी एकच डबा, हा पहिला धडा. बाकीचे कपाटात कुलपाखाली.

गॅरंडवाला
आणि काम संपेपर्यंत डबा हॉपरशेजारीच, लेबल आपल्याकडे. हॉपरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. फोन दुसऱ्या खोलीत. मी तर बेंचवर बसलो की घरी कुणी हाकही मारत नाही.

हँडलओढ्या
हाक मारत नाहीत त्याचं कारण वेगळं असेल.

जुना_पारखी, पेनसिल्व्हेनिया
सगळे त्या पोराच्या हिरवळीत रमलात. गॅरंडवाले साहेब, तुमचाच धागा वर जाऊन वाचा. नवशिक्याला काय सांगितलंत? "४८९५." कुठली? एच की आयएमआर? दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात. एच, म्हणजे हॉजडनची, ऑस्ट्रेलियात मुलवालाला बनते; आयएमआर मूळची ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीची. आकडा एक, पावडरी दोन, लोड डेटा (किती पावडर घालायची त्याचा तक्ता) वेगळा. तुमचा तो ६० टक्क्यांचा नियम फक्त एच४८९५ चा. तुमचं वाचून कुणी आयएमआरचा डबा आणला आणि एचचा तक्ता उघडून बसला तर? लेबल वाचा म्हणून उपदेश करता, आणि स्वतः लेबलातलं पहिलं अक्षरच खाता.

गॅरंडवाला
अहो, मुलीचा किस्सा लिहिलाय, हॉजडनचं नाव घेतलंय, त्यावरून कळत नाही का? महायुद्धानंतर सरकारी शिलकीतली ४८९५ विकूनच ब्रूस हॉजडनने धंदा उभा केला. आमच्या पिढीला ४८९५ म्हटलं की समजतं.

जुना_पारखी
तुमच्या पिढीला समजतं. धागा नवशिक्यांसाठी आहे. आणि शिलकीतली ती पावडर मूळ ड्यूपाँटचीच होती, म्हणजे तुमचाच इतिहास माझी बाजू मांडतोय.

फिनिक्सकर
व्हार्गेट मात्र जगात एकच आहे. सहज आपलं सांगितलं.

गॅरंडवाला
बरं बाबा. एच४८९५. एच. एच. एच. सगळ्यांनी वहीत दहादा लिहा. वरचं मुद्दाम बदलत नाही, माझी चूक तशीच राहू दे, पारखींना रात्री शांत झोप लागेल.

सांगलीकर
परदेशस्थ मंडळी, मजा वाटली. इथे परवान्यावर वर्षाला जेवढ्या गोळ्या लिहिलेल्या तेवढ्याच मिळतात, आणि घरी भरायला बसलो तर आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, विनापरवाना उत्पादन. तुमचं भांडण कुठल्या डब्यावरून, आमचं कुठल्या शिक्क्यावरून. चालू द्या.

हँडलओढ्या
सांगलीकर, या एकदा टेक्सासला. प्रेस माझा, हँडल तुम्ही ओढा.

नवा_भिडू, न्यू जर्सी
नमस्कार. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मी. काल दुकानात गेलो होतो. व्हार्गेट नव्हती. एच४८९५ नव्हती. सीएफईही संपली होती. दुकानदाराने आयएमआर ४०६४ दिली. .३०८ आणि .३०-०६ साठी चालेल ना? मॅन्युअल घेतलंय.

गॅरंडवाला
चालेल काय, पळेल. गॅरंडलाही छान.

हँडलओढ्या
छानच. लांबलचक दाणे, थ्रोअरमधून काही नीट पडायची नाही. काटा घेतलात का?