बोल्टला हायड्रोजन बाधतो, मग सेलमधल्या धातूला कसा पचतो?

कुपवाडचा प्लेटर
कुपवाड एमआयडीसीत माझं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. मागच्या महिन्यात १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार मजबूत पोलादाचे, बोल्ट करून दिले. पार्टीने शुक्रवारी आवळले आणि सोमवारी सकाळी चार बोल्टची डोकी खाली पडलेली. चूक माझीच, प्लेटिंग करताना पोलादात शिरलेला हायड्रोजन घालवायला माल भट्टीत तापवतात, ते बेकिंग केलं नव्हतं. पण मुलाच्या कॅमेऱ्यातल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये धातू रोज हायड्रोजन घेतो, सोडतो. त्याला काही होत नाही, मग माझ्याच बोल्टला का?

धातुशास्त्र, सातारा (निवृत्त)
दादा, होतं की! अशा सेलमध्ये वापरतात त्या जातीच्या लँथॅनम-निकेल मिश्रधातूचा तुकडा पहिल्यांदा हायड्रोजन प्यायला की जवळजवळ पाव पटीने फुगतो आणि तडकून भुकटी होतो. पण सेलला भुकटीच चालते. बोल्टला भार पेलायचा असतो.

खरा फरक आत आहे. पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू धातूच्या जाळीतल्या पोकळ्यांत शिरतात. लँथॅनम एक, निकेल पाच या मिश्रधातूत ते सहाच्या आसपास बसतात, उष्णता बाहेर पडते आणि नवा पदार्थ तयार होतो: हायड्राइड. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, हळद भरावी तसा माल जागेवर बसतो. लोखंडाचं साध्या दाबाला हायड्राइड होतच नाही. त्यामुळे अणू मोकळे फिरतात आणि ताण जास्त तिथे, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात नि आट्याच्या तळाशी, गोळा होऊन तिथलं पोलाद ठिसूळ करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून शुक्रवारचं सोमवारी दिसलं.

कुपवाडचा प्लेटर
सर, हे डोक्यात बसलं. मग हायड्राइड टिकाऊ की सुटणारं, हे कशावर?

धातुशास्त्र, सातारा (निवृत्त)
बनताना किती उष्णता सुटली त्यावर. जेवढी बाहेर पडली तेवढी परत दिल्याशिवाय हायड्रोजन सुटत नाही. मॅग्नेशियम वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन धरतं, पण सोडायला ३०० अंशांच्या घरात तापवावं लागतं. लँथॅनम-निकेल जेमतेम १.४ टक्के धरतं, पण खोलीच्या तापमानाला दोनेक वातावरण दाबावर देवघेव करतं. थोड्या निकेलच्या जागी ॲल्युमिनियम घातलं की हा दाब आणखी उतरतो. म्हणजे पकड किती घट्ट ठेवायची ते मिश्रणातून ठरवता येतं. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

मिरजेचा प्लेटर
भाऊ, पुढच्या लॉटला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या ओव्हनमध्ये टाका. आम्ही रात्रभर ठेवतो. पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावरचा संरक्षक थर, नंतरच करा, आधी केलं तर तो थर भट्टीत खराब होतो. आणि पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या ॲसिडच्या, टाकीत माल जेवढा कमी वेळ राहील तेवढं बरं. निम्मा हायड्रोजन तिथेच शिरत असेल.

कुपवाडचा प्लेटर
आमचा पोरगा पिकलिंगला टाकून चहाला जायचा. आजपासून टाकीवर घड्याळ लावलंय.