वाजवणाऱ्यालाही देव भेटतो का?

काळी_दोन
गेली नऊ वर्षं चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत कीबोर्ड वाजवतोय. हे मंडळीत कोणाला विचारायची लाज वाटते, म्हणून इथे.

शेवटच्या कडव्याला पट्टी अर्ध्या सुराने वर नेली की लोकांचे हात वर जातात. ड्रम थांबवून नुसता पॅड (कीबोर्डचा लांब, मऊ सूर) धरून ठेवला की डोळे पुसले जातात. पाळक प्रार्थनेला उभे राहिले की मी मागे हळू आवाजात तेच चार कॉर्ड फिरवत राहतो. मग बाहेर पडताना कोणीतरी माझा हात धरून म्हणतं, "आज देवाची उपस्थिती जाणवली." मला त्या क्षणी आठवत असतं ते एवढंच, की तिसऱ्या गीताला ट्रान्सपोझ (पट्टी बदलायचं बटण) शून्यावर आणायला विसरलो होतो.

बाकावर बसून गायचो तेव्हा असं नव्हतं. गळा दाटून यायचा, ओळ अर्धी राहायची. आता सगळ्या कळा माहीत झाल्यात. लोकांना जाणवतो तो देव, की माझा पॅड? आणि देव असेल, तर मला तेवढं वगळून कसा जातो?

"अजून प्रार्थना कर" हे उत्तर मिळालेलं आहे. ते नको.

मागचा_बाक
गळा दाटला म्हणजे देव आला, हा हिशेब कुठून आला? बायबलात मत्तय १८:२० मध्ये दोघे-तिघे येशूच्या नावाने जमले की तो तिथे असतो, एवढंच आहे. जाणवण्याची अट नाही.

तुमची शंका मात्र जुनी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपलाही हीच टोचणी होती: गीतातल्या शब्दांपेक्षा चालच मनाला जास्त हलवते, तेव्हा आपलं चुकतंय असं त्याला वाटे. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस स्तोत्रं जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायला लावायचा, तेच बरं, असंही त्याच्या मनात येई. पण आपण ख्रिस्ताकडे वळलो तेव्हा मंडळीचं गाणं ऐकून रडलो होतो, हे तो विसरला नाही. त्याने संगीत टाकलं नाही आणि शंकाही टाकली नाही.

जागा_राहा
कबूल न केलेलं पाप असेल. तपासून पाहा.

अल्टो_दुसरी_रांग
वरच्या उत्तराकडे लक्ष देऊ नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

मी बरीच वर्षं गायनवृंदात गायले. तुम्ही बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक, अध्याय ३ काढा. तीन राजे सैन्यासह रानात अडकलेत, पाणी संपलंय, अलीशा संदेष्टा इस्राएलाच्या राजावर भडकलेला. तो म्हणतो, वाजवणारा कोणी आणा. वाजवणारा वाजवू लागतो आणि परमेश्वराचा हात येतो तो अलीशावर. वाजवणाऱ्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही! त्याला काय वाटलं, पुढे त्याचं काय झालं, काही नाही. मला याचा आधी राग यायचा. मग एकदा आमचा सोप्रानो (सर्वांत उंच आवाजांचा) विभाग घसरला, तो सावरताना अख्खं गीत माझ्या हातून निसटलं आणि मागच्या रांगेतली एक बाई त्याच गीतावर हमसून रडत होती. राग गेला असं नाही म्हणणार, पण तिचं रडणं खोटं होतं असंही म्हणवेना.

एक विचारू? तुम्ही न वाजवता शेवटचे कधी बसला होतात?

काळी_दोन
आठवत नव्हतं. म्हणून पाळकांना विचारलं, परवा प्रार्थनेखाली वाजवलं नाही तर चालेल का. ते म्हणाले, "तू वाजवतोस म्हणून मी लांबवतो."

व्हॉल्यूम शून्य केला, हात मांडीवर ठेवले. फार अवघड गेलं. कोणी खोकलं, पंखा करकरत होता हे पहिल्यांदा कळलं. पाळक आजाऱ्यांची नावं घेतात. दर रविवारी घेतात म्हणे. मी इतकी वर्षं त्याखाली पुढच्या गीताचा टेम्पो लावत होतो. प्रभूच्या प्रार्थनेत कोणीच एका लयीत नव्हतं. एक आजोबा सगळ्यांच्या मागे राहून एकटेच "आमेन" म्हणाले.

गळा दाटला नाही. हातही कोणाचे वर गेले नाहीत. पण मी ती प्रार्थना ऐकली.

पुढचे काही रविवार असंच ठेवायचं ठरलंय. ड्रमवाला नाराज आहे.