मदत हवी आहे: दोन-तीनच नेटवर्क कंपन्या उरल्या तर स्पर्धा परत कशी येते?

नमस्कार मंडळी, दूरसंचार क्षेत्रातल्या जाणकारांकडून थोडं समजून घ्यायचंय.

बाजारात मोजक्याच कंपन्या का उरतात, एवढं मला कळतं. स्पेक्ट्रम (मोबाईल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरी) मर्यादित, त्याचा लिलाव महाग, टॉवर आणि फायबरचा खर्च अफाट. नवीन कंपनीला पहिला ग्राहक मिळण्याआधीच प्रचंड पैसा ओतावा लागतो. मग विलीनीकरणं होतात. बाजार किती एकवटला हे मोजायला प्रत्येक कंपनीच्या बाजारातल्या वाट्याच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करतात. चार समान कंपन्या असतील तर 2500, तीन असतील तर साधारण 3333. एक कंपनी गेली की आकडा एवढा उडी मारतो!

माझं अडतंय ते पुढे. फ्रान्समध्ये 2012 साली फ्री मोबाईल ही चौथी कंपनी आली आणि दर झपाट्याने उतरले. पण सगळीकडे चौथी कंपनी कुठून आणणार? दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेणाऱ्या कंपन्या. पण भाडं ठरवणार तोच प्रतिस्पर्धी, मग ती स्पर्धा खरी कशी? नियामकाने या भाड्याचे, म्हणजे घाऊक दर बांधून दिले तर पुरतं का? की मोठ्या कंपन्या नवीन नेटवर्क उभारणंच थांबवतात?

नंबर पोर्टेबिलिटीबद्दल सांगू नका. सगळ्यांचे दर सारखेच असतील तर नंबर घेऊन जायचं कुठे?

कुणी नियमनाचं काम जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो.