वॉर्नरनंतरची मधली फळी: फोर्टीनाइनर्सनी ४ नोव्हेंबर २०२५ पूर्वी लाइनबॅकर घ्यावा का?

(अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या एका संघाच्या चाहत्यांची ऑक्टोबर २०२५ मधली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खाडीकाठ

आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा मधला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे मध्यभागी उभा राहणारा खेळाडू) फ्रेड वॉर्नर १२ ऑक्टोबर २०२५ रोजी टँपा बेविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये जायबंदी झाला. त्याचा उजवा घोटा निखळला, हाडही मोडले आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. तो सामना आपण ३०-१९ असा गमावला आणि पुढच्याच रविवारी अटलांटा फाल्कन्सला २०-१० असे हरवले. त्या विजयापासून अनेक चाहते म्हणू लागले आहेत की टेटम बेथ्यून आणि डी विंटर्स ही तरुण लाइनबॅकरांची जोडी हंगाम निभावून नेईल. मला ते पटत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ४ नोव्हेंबरला संपते, आणि त्याआधी संघाचे महाव्यवस्थापक जॉन लिंच यांनी एखादा अनुभवी लाइनबॅकर मिळवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माझा मुद्दा बेथ्यूनच्या गुणवत्तेबद्दलचा नाही. आपले बचावाचे प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांच्या बचावाची जी मांडणी आहे, तिचा पायाच मधल्या लाइनबॅकरवर आहे. आपले कडेचे दोन्ही बचावपटू टाइट एंडच्याही (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही घेणारा खेळाडू) बाहेर उभे राहतात आणि तिरक्या रेषेत थेट क्वार्टरबॅकवर (पास फेकणारा खेळाडू) धावून जातात. त्यामुळे दबाव लवकर पोहोचतो, पण त्यांच्या आतल्या बाजूला धावणाऱ्याला मोठी वाट मोकळी मिळते आणि ती वाट क्षणार्धात ओळखून बुजवण्याचे काम लाइनबॅकरकडे येते. त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याने धाव दाखवून पास टाकला, तर त्याच लाइनबॅकरने मागे वळून मैदानाचा खोल मधला भाग झाकायचा असतो. वॉर्नर ही दोन्ही कामे करतो, म्हणून दोन्ही सेफ्टींना (सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू) इतरत्र वापरता येते आणि डाव सुरू होण्याआधी क्वार्टरबॅकला खरी मांडणी कळत नाही. असा माणूस गेला की केवळ एक जागा रिकामी होत नाही, तर उरलेल्या दहाही जणांची कामे बदलतात.

याची किंमत आपण एकदा मोजली आहे. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास वेगासला कॅन्सस सिटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये (लीगचा अंतिम सामना) दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपला दुसरा लाइनबॅकर ड्रे ग्रीनलॉ मैदानात धावत येत असतानाच त्याच्या टाचेची शीर तुटली आणि ओरेन बर्क्सला उतरावे लागले. त्यांचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी याला पहिल्या अर्ध्यात फक्त एक पास आणि एक यार्ड मिळाला होता. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर ९ पास आणि ९३ यार्ड होते, आणि आपण जादा वेळेत २५-२२ असे हरलो. त्या रात्री वॉर्नर तरी मैदानावर होता. आता वॉर्नर नाही, आणि ग्रीनलॉ गेल्या मार्चमध्ये डेन्व्हरला निघून गेला आहे.

मधलीफळी

आपले बचावपद्धतीचे विश्लेषण मला मान्य आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही, किंबहुना त्याच विश्लेषणातून अगदी उलटा निष्कर्ष निघतो. वॉर्नरसारखा खेळाडू साऱ्या लीगमध्ये दुसरा नसेल, तर तो ट्रेडमधूनही (अदलाबदलीतूनही) मिळणार नाही. मिळेल तो एखाद्या हरणाऱ्या संघाचा, कराराच्या शेवटच्या वर्षातला, दुसऱ्या पद्धतीत वाढलेला तिशीचा खेळाडू, आणि त्याला आपल्या बचावाची सांकेतिक भाषा शिकायला चार-पाच आठवडे लागतील.

बेथ्यून ही भाषा गेल्या वर्षापासून बोलतो आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड) तो सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत आला, हे सगळे सांगतात. फ्लोरिडा स्टेटच्या बचावाचे नेतृत्व करून तो आला, हे मात्र कोणी सांगत नाही. बचावातल्या एकाच खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो आणि तोही डावाच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यापुढे समोरच्या संघाने रचना बदलली, तर सहकाऱ्यांना सावध करण्याची सारी जबाबदारी त्या एका माणसावर असते. हे काम नव्याने आलेल्या पाहुण्याकडे सोपवणे मला धोक्याचे वाटते, मग त्याचा अनुभव कितीही असो.

फाल्कन्सविरुद्ध काय घडले तेही पाहावे. त्यांचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू बिजॉन रॉबिन्सन याने आदल्याच आठवड्यात बफेलोविरुद्ध १७० यार्ड धावून काढले होते आणि त्यात ८१ यार्डांची एक धाव होती. आपल्याविरुद्ध त्याला १४ प्रयत्नांत ४० यार्ड मिळाले. बेथ्यून आणि विंटर्स यांनी वाटा बुजवल्या नसत्या, तर हे झाले नसते.

पहाटपाळी

फाल्कन्सविरुद्धचा तो सामना पुण्याच्या वेळेनुसार सोमवारी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी सुरू झाला आणि मी तो पूर्ण पाहिला. माझ्या मते आपण दोघेही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत आहात. आपला कडेचा बचावपटू निक बोसा याच्या गुडघ्याचा अस्थिबंध २१ सप्टेंबरला अ‍ॅरिझोनाविरुद्ध फाटला, तेव्हापासून क्वार्टरबॅकला घाई करावी लागत नाही. पुढच्या चौघांचा दबाव नसेल, तर मागे वॉर्नर असला काय आणि नसला काय, प्रत्येकाला आपल्या वाट्याचा पास घेणारा खेळाडू एक-दीड सेकंद जास्त वेळ झाकून ठेवावा लागतो. टँपाच्या सामन्यात तिसऱ्या डावाला (चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) १४ यार्ड हवे असताना त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड स्वतः धावून पुन्हा पहिला डाव (नवे चार प्रयत्न) मिळवून गेला, आणि लगेच त्याने टेझ जॉन्सनला ४५ यार्डांचा टचडाउन पास दिला. त्या धावेच्या वेळी त्याला कोंडणारा कडेचा माणूस हवा होता. लिंच यांच्याकडे खर्च करायला ड्राफ्टचा एकच चांगला क्रमांक असेल, तर तो कडेच्या बचावपटूवर खर्च व्हावा.

खाडीकाठ

दबाव कमी झाला आहे यात शंका नाही. पण दबाव कमी असताना मागच्या फळीवर भार वाढतो, म्हणूनच तिथे जाणता माणूस हवा, हा माझा मुद्दा त्याने अधिकच पक्का होतो. मिकेल विल्यम्ससारख्या अकराव्या क्रमांकावर घेतलेल्या नवोदिताला हंगामभरात पास-रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणे) शिकता येईल. चुकला तरी त्याच्या मागे कोणीतरी असते. मधला लाइनबॅकर चुकला की त्याच्या मागे फक्त सेफ्टी उरतो.

मधलीफळी यांनी बिजॉनच्या ४० यार्डांचा दाखला दिला. ती कामगिरी मी कमी लेखत नाही, पण फाल्कन्सनी त्याला केवळ १४ वेळा चेंडू दिला, ही त्यांच्या प्रशिक्षकांची निवड होती. वर्षाच्या शेवटी शिकागो, सिअॅटल हे संघ आपल्याला इतक्या सहज सोडणार नाहीत. आणि मध्यावर आलेल्या लाइनबॅकरला भाषा शिकता येत नाही, हे विधान इतिहासाला धरून नाही. बॉल्टिमोरने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी शिकागोकडून लाइनबॅकर रोक्वान स्मिथ घेतला तो दुसऱ्या आणि पाचव्या फेरीचे क्रमांक आणि ए. जे. क्लाइन देऊन. त्याच्या येण्याने जोडीदार लाइनबॅकर पॅट्रिक क्वीनचाही खेळ सुधारला, आणि २०२३ मध्ये त्या बचावाने सर्वांत कमी गुण देणे, सर्वाधिक सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे) आणि सर्वाधिक टर्नओव्हर (चेंडू हिसकावणे) या तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

मधलीफळी

स्मिथचे उदाहरण चांगले आहे, परंतु ते आपल्या परिस्थितीला लागू पडत नाही. बॉल्टिमोरने पंचविशीचा, लीगमधल्या पहिल्या दोन-तीनांत गणला जाणारा खेळाडू पुढच्या दशकासाठी घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार दिला. आपल्याकडे त्या जागेचा मालक आधीच आहे. वॉर्नरचा करार २०२९ पर्यंत आहे, आणि मे महिन्यातच त्याला वर्षाला सरासरी २.१ कोटी डॉलर देणारी मुदतवाढ मिळाली आहे. म्हणजे आपण जो घेऊ तो फार तर तीन महिन्यांचा भाडेकरू असेल, आणि त्याच्यासाठी पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा क्रमांक द्यावा लागेल. याच तिसऱ्या फेरीत २०१८ मध्ये सत्तराव्या क्रमांकावर वॉर्नर मिळाला होता, हे विसरून चालणार नाही.

आयत्या वेळी आणलेल्या अनुभवी माणसाचा आपला अलीकडचा अनुभवही उत्साह वाढवणारा नाही. ग्रीनलॉ बरा होईपर्यंत जागा सांभाळण्यासाठी २०२४ मध्ये डीव्हाँड्रे कॅम्पबेलला आणले. तो एकेकाळचा ऑल-प्रो (लीगच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंत निवडलेला) होता. १२ डिसेंबरला रॅम्सविरुद्ध ग्रीनलॉ परतला, पुन्हा दुखावला, आणि कॅम्पबेलने मैदानात उतरायला नकार दिला. तो सामना आपण १२-६ असा हरलो. नाव आणि पूर्वपुण्याई पाहून फळी भरत नाही, तर ती त्याच फळीत वाढलेल्या माणसांनी भरते.

लालसोनेरी

मी या संघाचा लाइनबॅकर पॅट्रिक विलिसच्या काळापासूनचा चाहता आहे, त्यामुळे २०१४ ची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. जानेवारी २०१४ मध्ये सिअॅटलच्या सामन्यात विलिसचा जोडीदार नव्हारो बोमनचा गुडघा गेला आणि तो पुढचा संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. मग विलिसचे पाऊल दुखावले. त्या जागी तिसऱ्या फेरीत घेतलेला ख्रिस बोरलँड उतरला आणि त्याने असा खेळ केला की आपल्याला भविष्याची चिंता उरली नाही. मार्च २०१५ मध्ये विलिसने निवृत्ती जाहीर केली आणि एका आठवड्यात बोरलँडनेही, डोक्याच्या दुखापतींचा धोका नको म्हणून. लीगमधला सर्वांत भरीव समजला जाणारा विभाग वर्षभरात रिकामा झाला, आणि २०१५ च्या हंगामात संघ ५ विजय आणि ११ पराभवांवर आला.

म्हणून मी कागदावरची नावे मोजत नाही. आज बेथ्यून आणि विंटर्स यांच्या मागे निक मार्टिन, कर्टिस रॉबिन्सन आणि ल्यूक गिफर्ड आहेत. मार्टिनने ओक्लाहोमा स्टेटकडून २०२३ मध्ये १४० टॅकल (चेंडूधारकाला पाडणे) केले होते, पण २०२४ चा त्याचा बराचसा हंगाम गुडघ्यामुळे वाया गेला आणि आपल्या बचावात तो अजून फारसा उतरलेला नाही. गिफर्ड मुळात किकनंतरच्या परतीच्या धावा रोखणाऱ्या पथकाचा माणूस आहे. या हंगामापासून टचबॅकला (किक झेलून परत न धावणे) चेंडू ३५ यार्डांच्या रेषेवर मिळू लागल्याने परतीच्या धावा वाढल्या आहेत, आणि त्या रोखणारे नेमके हेच चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे लाइनबॅकर असतात. आणखी एक दुखापत झाली तर गिफर्डला बचावात ओढावे लागेल आणि मग किकवर कोण धावणार, याचा विचार इथे अजून कोणी केलेला नाही. मला मोठा ट्रेड नको आहे, पण सहाव्या-सातव्या फेरीचा क्रमांक देऊन किंवा मोकळ्या खेळाडूंमधून एक जाणता माणूस या आठवड्यातच घ्यावा, असे वाटते.

मधलीफळी

सहाव्या-सातव्या फेरीच्या किमतीत कोणी येत असेल तर माझा विरोध नाही. मात्र बोरलँडच्या गोष्टीतून मी वेगळे शिकतो. मैदानावरच्या उत्तरापुरते पाहिले, तर त्या वर्षी वाचवले ते तिसऱ्या फेरीतल्या नवोदिताने. २०१९ मध्ये लाइनबॅकर कॉन अलेक्झांडरला चार वर्षांच्या ५.४ कोटी डॉलरच्या करारावर आणले होते, आणि तो जायबंदी झाल्यावर पुढे आला तो पाचव्या फेरीतला ग्रीनलॉ, ज्याने त्याच डिसेंबरमध्ये सिअॅटलमध्ये गोल-रेषेच्या काही इंच अलीकडे जेकब हॉलिस्टरला अडवून विभागाचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षीचा अझीझ अल-शाएर तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नव्हता. या संघाने लाइनबॅकर विकत घेण्यापेक्षा घडवले अधिक चांगले आहेत.

सालेह यांनी काय बदलावे, यावर मला अधिक चर्चा हवी आहे. बेथ्यूनला वॉर्नरइतके खोल पळायला लावू नये, त्याऐवजी एक सेफ्टी खोल मध्यात कायम ठेवावा. डाव दडवणे थोडे कमी होईल, पण मधली दरी उघडी पडणार नाही. तिसऱ्या डावाला मोठे अंतर असेल तेव्हा एक लाइनबॅकर काढून मागच्या फळीतला सहावा बचावपटू आणावा आणि अप्टन स्टाउटच्या वेगाचा उपयोग करावा.

खाडीकाठ

सेफ्टी कायम खोल ठेवला, तर धावेविरुद्ध समोर एक माणूस कमी पडतो, आणि कडेच्या बचावपटूंच्या आतली जी वाट मी सुरुवातीला सांगितली, ती पुन्हा या दोन तरुणांच्याच अंगावर येते. एका बाजूचे पांघरूण ओढले की दुसरी बाजू उघडी पडते. सहा बचावपटूंची सूचना मात्र मला योग्य वाटते, आणि ती लगेच अमलात यावी.

याचा निवाडा आपण दोघांनी लिहून होणार नाही. २६ ऑक्टोबरला आपण ह्यूस्टनमध्ये खेळतो आहोत. त्यांचे मुख्य प्रशिक्षक डीमिको रायन्स यांनी आपल्याकडे आधी लाइनबॅकर शिकवले आणि नंतर दोन हंगाम हाच बचाव चालवला, आणि त्यांच्या बचावाच्या मध्यावर आज अल-शाएर उभा असतो. बेथ्यूनने धावेचा आभास पाहून एक पाऊल पुढे टाकले की त्याच्या मागे किती जागा मोकळी होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याने पहिल्या दोन ताब्यांत तीच जागा शोधून टाइट एंड डाल्टन शुल्ट्झला तिथे पास दिले, आणि सालेह यांच्याकडे त्यावर दुसऱ्या अर्ध्यातही उत्तर नसले, तर मुदत संपेपर्यंत केवळ नऊ दिवस उरलेले असतील.

मधलीफळी

आणि ती जागा बेथ्यूनने झाकली, तर तिसऱ्या फेरीचा क्रमांक आपल्याकडेच राहू द्यावा. रविवारी मीही नेमके तेच पाहणार आहे: त्याचे पहिले पाऊल, आणि खोल मध्यात सेफ्टी उभा आहे की नाही.