दोन हजारांचं पाकीट आणि म्हणे विषय संपला

कात्रजचा घाट (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका सद्गृहस्थांचा लांबलचक मेसेज आला. सार असं: "पाळलेला असला तरी मुका जीव आहे, एखाद्या वेळी चावतो. मालकाने इंजेक्शनचे पैसे दिले, सॉरी म्हटलं, की विषय मिटला. त्यावर पोलीस, वकील, भरपाई म्हणजे कुत्र्याच्या नावावर पैसे उकळणं." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर अॅडमिनने सुप्रभातचं फूल टाकून गप्प केलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना चावला त्या आमच्याकडे आणि आणखी तीन घरी स्वयंपाक करतात. नाव मुद्दाम देत नाही, ताई म्हणू. तिसऱ्या मजल्यावर जर्मन शेफर्ड. पट्टा गळ्यात होता, पण दुसरं टोक फरशीवर लोळत होतं आणि मालक फोनवर. उजव्या हाताचा अंगठ्याखालचा भाग फाडला. पोळ्या करणाऱ्या बाईचा उजवा हात! संध्याकाळी पाकिटात २,००० रुपये आले, तेही वॉचमनच्या हातून.

लस महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळाली. पण जखम खोल, म्हणजे जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरायला हवं, ते तिथे संपलेलं. बाहेरून घेतलं, पाकीट तिथेच रिकामं झालं. पुढे लशीच्या प्रत्येक तारखेला रिक्षा आणि रांग. हात बरा होईपर्यंत चार घरांचे पैसे बंद. एका घराने तर "तुम्ही निवांत बऱ्या व्हा" म्हणत दुसरी बाई लावलीसुद्धा, ते काम कायमचं गेलं. नुकसान ताईंचं किती झालं त्यावर भरपाई ठरायला हवी की मालकाला किती वाईट वाटलं त्यावर?

चौकीत गेलो तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात दिली. वर "एकाच बिल्डिंगमधले ना, मिटवून घ्या."

शेरूचा बाप

आला, आणखी एक कुत्राद्वेष्टा धागा आला. माझ्याकडे आजवर तीन कुत्रे झाले, एकही कोणाला चावला नाही. कुत्रा उगाच चावत नाही हो. ताई दचकून पळाल्या असतील, पिशवी फिरवली असेल. ते कोण सांगणार? आणि कुत्र्याचं लसीकरण झालेलं असेल तर सीरमपर्यंत जायची गरजच काय होती?

माझ्या पहिल्या कुत्र्याला सोसायटीतल्याच कोणीतरी विष घातलं. तक्रार द्यायला गेलो तर "कुत्राच होता ना?" हे उत्तर. त्याची भरपाई कोणी दिली? तुम्हाला किती हवेत तो आकडा सांगा एकदा, म्हणजे नियत कळेल.

मधल्या आळीची

दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणारी बाई पिशवी फिरवते म्हणे. गोफण आहे का ती?

साताऱ्याचा वकील

घाटसाहेब, एनसी कशी काय घेतली? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाहा: आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हयगय, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भादंविचं २८९ तेच, तिथे दंड १,००० होता. दखलपात्र आहे. जोडीला १२५, हयगयीने दुखापत. चौकीत ऐकत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

पण नीट समजून घ्या, तो दंड सरकारजमा होतो. ताईंच्या हातात त्यातून काही पडायचं तर कोर्टाने नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) ३९५ खाली वेगळा आदेश करावा लागतो. खरी भरपाई दिवाणी दाव्यात: उपचार, बुडालेली कमाई, वेदना, हातात कायमचा अधूपणा राहिला तर तोही. मुदत ३ वर्षं. आणि वकिलाचा खर्च नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे लोकांना माहीतच नसतं.

आजच्या आज करायचं: सीसीटीव्हीचं फुटेज द्या म्हणून सेक्रेटरीला लेखी पत्र, पोच घ्या. फुटेजवर नवीन रेकॉर्डिंग चढलं की संपलं. केस पेपरवर "पाळीव कुत्रा, मालक माहीत" असं लिहिलंय का बघा. चारही घरांकडून पगाराचं लिहून घ्या. लोक फोटो काढतात आणि हेच विसरतात.

निवृत्त हेडमास्तर

शेरूच्या वडिलांना सांगावंसं वाटतं, सीरमची चेष्टा करू नये. मी पाचवीत असताना वाईजवळच्या आमच्या गावात कुत्रं चावलं. आजीने जखमेत तिखट भरलं, वर चुना. मग वडील तालुक्याला घेऊन गेले. पोटात १४ इंजेक्शनं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे ती. बेंबीभोवती गाठी येत, रात्री कुशीवर वळता येत नसे. माझ्यासोबत रांगेत उभा असलेला एक मुलगा चौथ्या-पाचव्या सुईनंतर यायचा बंद झाला. पुढे त्याचं काय झालं ते वडिलांनी मला कधी सांगितलं नाही.

आता ती लस बंद झाली. दंडावर ०, ३, ७, १४, २८ अशा दिवशी घ्यायची सुई, एवढंच. पण रक्त आलं असेल तर सीरम हवंच, आणि त्याआधी साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुणं. पाळीव असेल तर कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवतात, तो धडधाकट राहिला की डॉक्टर पुढचं ठरवतात. मालकाच्या फाईलमधल्या शिक्क्यावर जीव टांगत नाहीत.

तिरपागडे

एवढं कशाला? हायकोर्टाने दर ठरवून दिलाय. दाताच्या एका खुणेला १०,०००. किती दात लागले ते मोजा आणि बिल पाठवा.

साताऱ्याचा वकील

हे फॉरवर्ड मला आठवड्याला एकदा येतं. तो निकाल पंजाब-हरियाणा हायकोर्टाचा, नोव्हेंबर २०२३. दाताच्या खुणेला किमान १०,०००, मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटीमीटरला किमान २०,०००. पण तो रस्त्यावरच्या मोकाट जनावरांबद्दल, आणि द्यायचे सरकारने. आपल्याकडे तो बांधील नाही, आणि शेजाऱ्याच्या शेफर्डला तर नाहीच. युक्तिवादात दाखवायला चालेल. बिलबुक म्हणून नाही.

जुन्नरकर

आमच्याकडे बिबट्याने माणूस मारला तर २५ लाख. शेतात ऊस तोडताना बाई गेली की दुसऱ्या दिवशी साहेब, पंचनामा, फोटो. कुत्रं चावून माणूस गेला तर कोणी विचारत नाही. पुण्याच्या लोकांनी बिबटे पाळावेत, हिशोब सोपा पडेल.

शेरूचा बाप

वकीलसाहेब, कलमं ठीक. आता तारखाही सांगा की लोकांना. नेपियन सी रोडचा रॉटवायलर, घटना २०१०, मालकाला ३ महिन्यांची शिक्षा २०२३ मध्ये. वरळीला लिफ्टमध्ये हस्की चावला, घटना २०१८, ४ महिने शिक्षा २०२५ मध्ये. आणि ही दक्षिण मुंबईची, पैसेवाली माणसं. तुमच्या ताई किती वर्षं तारखांना जाणार? प्रत्येक तारखेला पुन्हा चार घरांची सुट्टी. तुम्ही त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून सोसायटीतलं जुनं भांडण खेळताय. शेजाऱ्यांनी बसून मिटवणं यात गरिबाचाच फायदा असतो.

कात्रजचा घाट

बसून मिटवायला मालक आधी बसला पाहिजे ना. तो पाकीट पाठवतो. १३ वर्षांचा मुद्दा मात्र झोंबला, कारण ताईंचा मुलगाही तेच म्हणतोय.

साताऱ्याचा वकील

म्हणूनच आधी नोटीस. बरीच प्रकरणं नोटिशीलाच मिटतात. आणि बाप, तडजोडीला कोण नाही म्हणतंय? पण हातात काही असल्याशिवाय तडजोड म्हणजे भीक.

बे एरियातला बंड्या

आमच्या कॅलिफोर्नियात हा वादच नाही. कलम ३३४२. कुत्रा आधी कधी चावला होता का, मालकाला माहीत होतं का, काही विचारत नाहीत. सार्वजनिक जागी चावला, किंवा तुम्ही रीतसर कोणाच्या घरी गेला होतात आणि चावला, की मालक जबाबदार. पैसे बहुतेक वेळा घराच्या विम्यातून येतात, त्यामुळे शेजारी एकमेकांशी बोलतसुद्धा राहतात. दाव्याला मुदत २ वर्षं.

तिरपागडे

आले. तिकडे कुत्र्याची विष्ठासुद्धा विम्यात येत असेल.

मधल्या आळीची

बंड्या, मुद्दा बरोबर आहे पण तुझं "आमच्या कॅलिफोर्नियात" वाचलं की माणूस विरुद्ध बाजूला जातो.

मला वेगळंच विचारायचंय. घाट, तुम्ही राहता कितव्या मजल्यावर?

कात्रजचा घाट

सहाव्या.

मधल्या आळीची

मग सहाव्या मजल्यावर भाजी घेऊन येणारी बाई तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर काय करत होती?

कात्रजचा घाट

दोन लिफ्ट आहेत. मोठी सामानाची, ती दुरुस्तीला. दुसरीच्या बाहेर पाटी: "घरकामगार व डिलिव्हरी यांनी या लिफ्टचा वापर करू नये." म्हणून जिना.

मधल्या आळीची

आणि शेफर्ड?

कात्रजचा घाट

लिफ्टची वाट बघत उभा होता.

टू व्हीलरवाला

एवढा वेळ वाचत होतो, आता लिहितो. मी जेवण पोचवतो. आमच्यासाठी सगळीकडे हीच पाटी. सामानाची लिफ्ट बंद असली की वॉचमन म्हणतो जिन्याने जा. आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत पार्सल गार, मग तारे आमचे कापतात. मागच्या पावसाळ्यात दार उघडल्या उघडल्या एकांचं छोटं कुत्रं पोटरीला लागलं. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका, तो खेळतोय." पँट फाटलेली, रक्त येतंय, आणि त्यांनी आधी पार्सल उघडून बघितलं रस्सा सांडलाय का. कंपनीच्या अॅपमध्ये कुत्रा चावला असं बटणच नाही. अपघात म्हणून टाकलं तर गाडीचा फोटो मागितला. पुढच्या सुया माझ्या पैशाने. भरपाई वगैरे ऐकायला बरं वाटलं.

माजी सेक्रेटरी

विषय भरकटतोय तरी एक बाजू मांडतो. लिफ्टचा मेंटेनन्स सभासद भरतात. दिवसभर बाहेरची माणसं, कचऱ्याच्या पिशव्या, ओले हात, बटणं चिकट. वयस्कर सभासदांना ताटकळावं लागतं. सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. नियम कोणाच्या विरोधात नसतो, सोयीसाठी असतो.

मधल्या आळीची

आणि कुत्र्याचे पाय कोरडे असतात का?

माजी सेक्रेटरी

कुत्र्यांना आम्ही बंदी केली होती. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवून सभासदांनी ती काढायला लावली. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, जादा पैसेही घेता येत नाहीत. आमचा नाइलाज झाला.

मधल्या आळीची

म्हणजे कुत्र्याच्या बाजूने वरून कागद आला म्हणून तो लिफ्टमध्ये. ताईंच्या बाजूने कोणी कागद पाठवला नाही म्हणून त्या जिन्यावर. आणि त्याच ताईंच्या हातच्या पोळ्या तुमच्या ताटात. तेव्हा नाही हात चिकट लागत? लाज वाटत नाही का हो तुम्हाला हे लिहायला?

माजी सेक्रेटरी

वैयक्तिक बोलायचं काम नाही. तुम्ही आधी तुमच्या इमारतीत काय नियम आहे ते बघा.

मधल्या आळीची

आमच्या वाड्याला लिफ्टच नाही. सगळे जिन्यानेच मरतो.

निवृत्त हेडमास्तर

दोघांनीही भाषा जपावी. पण सेक्रेटरीमहाशय, नियम सोयीसाठी असतो हे बाईंचं उत्तर नव्हे. कोणाच्या सोयीसाठी, हे त्यांनी विचारलंय.

तिरपागडे

अवांतर: पाटीवर "घरकामगार" लिहिलंय, सुधारणा आहे. आमच्याकडे अजून "नोकर" आहे.

शेरूचा बाप

लिफ्टवरून क्रांती झाली असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ का? माझ्या शेरूला मी मुसकं घालूनच लिफ्टमध्ये नेतो, लोक मलाच निर्दयी म्हणतात. ते असो. पट्ट्याचं टोक हातात नव्हतं म्हणताय, फुटेजमध्ये तसंच दिसत असेल, तर त्या माणसाची शेफर्ड पाळायची लायकी नाही. त्याला माझा पाठिंबा नाही. झालं समाधान? पण यात कुत्र्याला हाकला म्हणून उद्या सह्यांची मोहीम काढू नका, कारण शेवटी बळी त्याचाच जातो.

एक कामाचं सांगतो, जरी तुम्ही मला खलनायक केलंय. कुत्र्याचा विमा काढला असेल तर बऱ्याच पॉलिसींत दुसऱ्याला झालेली इजा धरलेली असते. माझ्याकडे आहे. मालकाला पॉलिसी विचारा. स्वतःच्या खिशातून जाणार नाही म्हटल्यावर माणसं चटकन सभ्य होतात.

बे एरियातला बंड्या

हेच मी म्हणत होतो.

तिरपागडे

तू कॅलिफोर्नियातून म्हणत होतास.

कात्रजचा घाट

ताजी खबर. सेक्रेटरींना फुटेजचं पत्र दिल्यावर तासाभरात मालकाचा फोन आला. आता १२,००० म्हणताहेत. अट एकच: "यापुढे काही मागणार नाही" असं ताईंनी लिहून द्यायचं. ताईंचा मुलगा घ्या म्हणतोय. ताई गप्प आहेत. अंगठा अजून पूर्ण मिटत नाही.

साताऱ्याचा वकील

सही करू देऊ नका. हाताच्या डॉक्टरला दाखवून अंगठ्याचं लेखी घ्या, लशीचे डोस पुरे होऊ द्या, मग आकडा. घाईच असेल तर पैसे "उपचारापोटी, हक्क राखून" अशा पावतीवर घ्या. आणि ती सही ताईंची त्यांनी वाचून केलेली असू द्या, मुलाने दाखवलेल्या जागी नको.

शेरूचा बाप

वकील आला की मिटत आलेलं लांबतं, हे मी म्हटलं नव्हतं का? पण अंगठा मिटत नसेल तर १२,००० कमी आहेत. हे मी म्हणतोय, लिहून ठेवा.

माजी सेक्रेटरी

लिफ्टचा विषय पुढच्या सभेत घेता येईल. अर्ज लेखी द्यावा.

टू व्हीलरवाला

अर्ज द्यायला ऑफिस कितव्या मजल्यावर आहे साहेब?